‘लाईन’ मराठवाड्यात कुठून आली?

इंग्रजीतल्या ‘लाईन’ची मुळी लॅटिन ‘लिनम’पर्यंत जाते. लिनम म्हणजे जवस. त्याच्या वाखाचा धागा, मग ताणून धरलेली दोरी, मग रेघ, असा अर्थ सरकत गेला. आपण जवस पेरतो ते तेलासाठी आणि चटणीसाठी.

मराठवाड्यात हा शब्द कचेरीतून आला नसावा, कारण निजामाचा कारभार उर्दूत चाले. माझ्या मते तो छावणीतून आणि रुळांवरून आला. औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या, छावण्या होत्या. शिपायांच्या ओळीने बांधलेल्या खोल्यांना इंग्रज अंमलदार ‘लाईन्स’ म्हणत. ‘पोलीस लाईन’ हे नाव त्याच रिवाजातलं.

रेल्वेने शब्द गावोगाव नेला. 1900च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेली रेल्वे, पूर्ण झाली. दक्षिणेकडे बार्शी लाईट रेल्वेची अडीच फूट रुंद रुळांवरची गाडी 1897ला कुर्डुवाडीहून बार्शीला आणि 1911ला लातूरला पोचली. पुढे हीच रेल्वे पंढरपूरमार्गे मिरजेला जोडली गेली. ‘छोटी लाईन’, ‘मोठी लाईन’ हे शब्द लोकांच्या तोंडी बसले ते या गाड्यांमुळे.

मग खांब आले, लाईनमन आला. विहिरीवरून रानात पाइप नेला की ‘लाईन टाकली’. ‘पोरगं कोणत्या लाईनला हाय?’ ही शिक्षणाची, धंद्याची चौकशी. ‘लाईनीवर आलं’ म्हणजे सुधारलं. ‘लाईन मारणं’ सगळ्यांनाच ठाऊक आहे. रेघ हा इंग्रजीतला अर्थ मात्र मराठीत तितका रुळला नाही, वहीत आपण बहुधा रेघच मारतो.

या सगळ्या अर्थांत आपल्या भागाने सर्वात जास्त सोसलाय तो रांगेचा. 2016च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी म्हणजे टाकीचे डबे, सुमारे पाच लाख लिटर. ती आली बार्शी लाईटच्याच जुन्या वाटेने. एव्हाना ती वाट ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, झाली होती, आणि मधे धाराशिवकडे वळसा घेत होती. गल्लीत टँकर यायच्या आधीच घागरींची लाईन लागलेली असे, आणि त्या लाईनीत नंबर धरायला बाया पहाटेच उठत.