सी भाषेतील लेक्सर : अवतरणचिन्हांतील स्ट्रिंगचे वाचन

मजकूर बाइटमागून बाइट वाचून त्याचे नावे, संख्या, चिन्हे अशा टोकनांत तुकडे पाडणारा, कंपायलरचा (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनाचा) पहिला भाग म्हणजे लेक्सर. दुहेरी अवतरणचिन्हांतील स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची सलग माळ, हे त्यातले सर्वांत फसवे टोकन आहे. कारण एरवी ज्यांना व्याकरणात अर्थ असतो ते स्वल्पविराम, कंस आणि टिप्पणीच्या खुणासुद्धा तिच्या आत निव्वळ मजकूर ठरतात.

कोल्हापुरातील एखाद्या गूळ अडत्याच्या हिशेबाच्या फायलीत "गूळ \"एक नंबर\", ३० रवे" अशी नोंद आहे, असे समजू. त्यातली तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, पुढच्या चिन्हाचा नेहमीचा अर्थ बदलते; अशा जोडीला एस्केप म्हणतात. म्हणून आतल्या अवतरणांपाशी स्ट्रिंग संपता कामा नये. त्यासाठी ‘आधीचा बाइट बॅकस्लॅश आहे का’ एवढेच तपासण्याची पद्धत सर्रास आढळते आणि ती चुकीची आहे. "गूळ\\" या स्ट्रिंगमध्ये दुसरा बॅकस्लॅश पहिल्याच्या जोडीत आधीच खर्ची पडलेला असतो, त्यामुळे त्यानंतरचे अवतरण खरोखरच स्ट्रिंग बंद करणारे असते. मागे वळून पाहणारा लेक्सर मात्र त्यालाही मजकूर समजतो आणि पुढचा मजकूर गिळत सुटतो. म्हणून बॅकस्लॅश दिसताच तो आणि पुढचा बाइट एकदमच उचलावा, आणि त्या दोहोंमध्ये फाईल संपली नाही ना, हेही पाहावे.

अवतरण बंद होण्याआधीच ओळ संपली, तर सीच्या नियमानुसार ती चूक असते. ती दाखवताना स्ट्रिंग जिथे सुरू झाली त्या ओळीचा क्रमांक द्यावा, कारण दुरुस्ती बहुधा तिथेच करायची असते.

‘कोल्हापूर’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा, पण यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत तो २७ बाइट घेतो आणि स्ट्रिंगचा शेवट दाखवणाऱ्या शून्य बाइटसह २८. देवनागरीच्या या बाइटांत अवतरण किंवा बॅकस्लॅश यांचा बाइट कधीच येत नाही, त्यामुळे बाइटनिहाय वाचन सुरक्षित राहते. मात्र जिथे कॅरेक्टर (char) हा सीमधला प्रकार चिन्हांकित, म्हणजे ऋण मूल्येही धरणारा असतो, तिथे हे बाइट ऋण ठरतात. अक्षर तपासणाऱ्या फंक्शनकडे देण्यापूर्वी ते अचिन्हांकित करून घेणे अत्यावश्यक आहे.

सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकाने कंपायलरला किमान ५०९ अक्षरांची स्ट्रिंग स्वीकारणे बंधनकारक केले. १९९९ मध्ये ही मर्यादा ४,०९५ झाली. या किमान मर्यादा असल्याने ठरावीक आकाराच्या बफरवर (मजकूर तात्पुरता साठवण्याच्या जागेवर) विसंबू नये, तो गरजेनुसार वाढवावा. शिवाय एस्केपमधून शून्य बाइट स्ट्रिंगच्या मधोमधही येऊ शकतो, म्हणून टोकनात तिची लांबी स्वतंत्रपणे नोंदवावी लागते.