पडवीतल्या कव्हरवरचा तांबडा कुठे गेला?

मालवणजवळच्या आमच्या घरी पडवीत, बाकड्याच्या बरोब्बर वर, एका एलपीचं कव्हर फ्रेम करून लावलेलं होतं. काकांनी मुंबईहून आणलेली भक्तिगीतांची तबकडी होती ती. तबकडी केव्हाच फुटली, कव्हर तेवढं राहिलं. मला आठवतं तेव्हापासून त्यावरच्या देवीचा चेहरा निळसर, साडी जवळजवळ पांढरी आणि चुण्यांपुरती निळी. मला वाटायचं, चित्रकारानेच तशी रंगवलीय. काकी मात्र म्हणायची, "ती तांबडी होती रे. उनान रंग खाल्ल्यान तिचो."

गेल्या मे महिन्यात फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागली म्हणून ती उघडली. लाकडी कडेखाली बोटभर रुंदीची पट्टी चारी बाजूंनी झाकलेली राहिली होती. त्या पट्टीत साडीचा एक कोपरा होता, कुंकवासारखा लाल. मागची पार्श्वभूमी हळदीसारखी पिवळी. पट्टीच्या आत एकदम निळं जग सुरू. सूर्याने केलेला हा प्रयोग इतकी वर्षं आमच्या भिंतीवरच चालू होता.

भिंग घेऊन पाहिलं. छापलेलं रंगीत चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी असते. छापखान्यात ज्याला 'फोर कलर' म्हणतात, त्यात सायन हा निळा, मॅजेंटा हा राणी रंगाच्या जवळचा, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा एकावर एक छापतात. कुंकवाचा लाल असा वेगळा रंग तिथे नसतोच; मॅजेंटा आणि पिवळा एकत्र आले की डोळ्याला लाल दिसतो. हिरवा म्हणजे सायन आणि पिवळा. झाकलेल्या पट्टीत चारही ठिपके ठसठशीत होते. उघड्या भागात सायन आणि काळे तेवढे शिल्लक, बाकी दोघांची पुसट सावली. म्हणून लाल साडी पांढरी पडली, आणि मागची हिरवी झाडं पिवळा गमावून निळी झाली.

चौघांवर ऊन सारखंच पडलं, मग दोघेच का गेले?

शाईतला रंग हा तिच्या रेणूंनी ठरावीक प्रकाश शोषल्यामुळे दिसतो. शोषलेली ऊर्जा रेणूला कुठेतरी सोडावी लागते. बहुतेक वेळा ती उष्णता होऊन निघून जाते. पण अधूनमधून, विशेषतः अतिनील किरणांच्या माऱ्याखाली, रेणूतला एखादा बंध तुटतो किंवा हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो, आणि रेणू रंग गमावतो. छपाईतले नेहमीचे मॅजेंटा आणि पिवळे 'अ‍ॅझो' घराण्यातले असतात. त्यांचा रंग दोन नायट्रोजन अणूंच्या एका पुलावर उभा असतो. पूल तुटला की रंग गेला. आमची पडवी पश्चिमेची, दुपारी तीननंतर ऊन थेट भिंतीवर. साधी काच अतिनील किरणांतला काहीच भाग अडवते, बराचसा आत येतो. त्यात कोकणातली दमट हवा. ओलावा हे काम बहुधा लवकरच उरकतो.

सायनची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती फार आवडते. त्यातलं रंगद्रव्य कॉपर थॅलोसायनिन. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या एका रंगाच्या कारखान्यात लोखंडी भांड्याचा आतला मुलामा तडकला आणि तयार होणाऱ्या पांढऱ्या मालात गडद निळे कण सापडले. लोखंडापासून बनलेला तो या घराण्यातला एक भाऊ होता. त्याची रचना पुढे रसायनतज्ज्ञ लिनस्टेड यांनी लंडनमध्ये उलगडली आणि १९३५ पासून तांब्याचा निळा बाजारात आला. मधोमध धातूचा एक अणू आणि भोवती घट्ट विणलेलं कडं, अशी ती रचना. असंच कडं पानांतल्या हरितद्रव्यात असतं, मध्ये मॅग्नेशियम घेऊन. आपल्या रक्तात असतं, मध्ये लोह घेऊन. थॅलोसायनिनच्या कड्यात ऊर्जा सगळीकडे वाटली जाते, एकाच जागी ताण येत नाही. काळी शाई तर कार्बनच, म्हणजे बारीक काजळी.

आणि ज्या चिऱ्याच्या भिंतीवर ती फ्रेम होती, त्या जांभ्याचा तांबडा? तो शतकानुशतकं उन्हापावसात उघडा असतो आणि जात नाही. तो लोहाच्या ऑक्साइडचा आहे. आधीच पूर्ण गंजून बसलेल्या त्या लोखंडाचं ऑक्सिजन आणखी काय बिघडवणार?

मग कव्हर करणारे इतके भडक रंग वापरतात तरी का? कारण कव्हर दुकानात लांबून दिसायला हवं. १९४० च्या सुमारास कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी साध्या तपकिरी वेष्टनांच्या जागी ठळक रंगांची चित्रं आणली, तिथून हा प्रवास सुरू झाला. सावंतवाडीच्या गंजिफाने, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांनी, हे फार आधीच ओळखलं होतं. दशावतारी गंजिफात दहा रंग, एकूण १२० गोल पानं, आणि कुठलं पान कुठल्या अवताराचं हे पार्श्वभूमीच्या रंगावरूनच कळतं. चित्र नंतर, रंग आधी.

शेजारचा रंगही मदतीला येतो. पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात काम करणारे रसायनतज्ज्ञ शेव्रल यांनी १८३९ च्या ग्रंथात दाखवलं की रंग शेजाऱ्यामुळे बदलल्यासारखा भासतो. लालाशेजारी हिरवा ठेवला की दोघेही पेटून उठतात. आमच्या देवीच्या लाल साडीमागे हिरवी झाडं उगाच नव्हती.

सगळ्यांत झगमगते ते फ्लुरोसेंट रंग. ते डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून पडलेल्या प्रकाशापेक्षा जास्त चमकल्यासारखे वाटतात. १९६७ साली चित्रकार मार्टिन शार्प यांनी 'क्रीम' या रॉक बँडच्या 'डिझ्राइली गिअर्स' या एलपीचं कव्हर अशाच रंगांनी केलं. उन्हात सर्वांत आधी हेच मरतात.

माझी काळजी एलपीपेक्षा कॅसेटांची जास्त आहे. एलपीचं कव्हर ३१ सेंटिमीटरचं, कॅसेटचं त्याच्या पाव भागाहूनही लहान, म्हणून तिच्यावर लाल-पिवळा आणखी भडक ओतलेला असायचा. डबलबारी भजनं, दशावतारी नाटकं यांच्या कॅसेटा आपल्याकडे घरोघरी होत्या. आज त्या खिडकीपाशी, नाहीतर टीव्हीच्या वर उन्हात पडलेल्या असतात. त्यांतल्या कितीतरींची दुसरी प्रत कुठेच नसेल. त्या काढून कपाटात, कोरड्या डब्यात ठेवा, आणि आधी स्कॅन करा. पावसाळ्यापूर्वीच, नाहीतर बुरशी येईल.

आमचं कव्हर मी मूळ पट्टीसकट स्कॅन केलं. पट्टीतला लाल आणि पिवळा समोर ठेवून कॉम्प्युटरवर आतले रंग परत मिळवायला चार संध्याकाळी गेल्या. मूळ कव्हर आता माजघरातल्या कपाटात आहे. छापून आणलेली नवी प्रत काकीच्या हातात दिली, तेव्हा तिने ती उजेडाकडे धरली, साडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हां. हीच ती."