खटल्याच्या भीतीने हात आखडतात का?

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. सोलापुरातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालं आहे. त्याच वर्षांत, त्याच देशात, जपानी लष्कराच्या ‘युनिट ७३१’मधले डॉक्टर कैद्यांना मुद्दाम प्लेगची लागण करत होते. युद्धानंतर टोकियोत जपानी नेत्यांवर खटला चालला, सात जणांना फाशी झाली. युनिटचा प्रमुख शिरो इशी मात्र त्यात नव्हता. त्याच्या प्रयोगांची माहिती अमेरिकेला हवी होती, म्हणून त्याला अभय मिळालं. हे वाचलं की आजही संताप येतो.

पण संताप वेगळा आणि पुरावा वेगळा. अशा लोकांना शिक्षा केल्याने पुढचे अत्याचार खरंच कमी होतात का, हे तपासता येतं. हुंजून किम आणि कॅथरिन सिकिंक या अभ्यासकांनी हुकूमशाहीतून किंवा यादवीतून बाहेर पडलेल्या १०० देशांची १९८० ते २००४ या काळातली स्थिती पाहिली. छळ, बेपत्ता केलेली माणसं, चौकशीविना हत्या, राजकीय कैद यांवरून दरवर्षी प्रत्येक देशाला गुण दिलेले असतात. ते त्यांनी वापरले. जिथं अधिकाऱ्यांवर खटले चालले तिथं दडपशाही कमी आढळली, शेजारच्या देशांतही थोडा परिणाम दिसला. अर्थात, मुळात सुधारू लागलेले देशच खटले भरत असतील, तर श्रेय खटल्यांचं की सुधारणेचं? आकडेशास्त्राने हा पेच सैल होतो, पुरता सुटत नाही.

आणि बोस्नियातल्या स्रेब्रेनिका या गावाचं काय? युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय न्यायालय १९९३ मध्येच स्थापन झालं होतं, तरी जुलै १९९५ मध्ये तिथं सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले. न्यायालय निरुपयोगी असल्याचा दाखला म्हणून अनेकजण हे पुढे करतात. मला तो उलटा वाटतो. शिक्षा किती कडक यापेक्षा पकडले जाण्याची खात्री किती, यावर गुन्हेगार जास्त बिचकतो, असं गुन्हेशास्त्र सांगतं. आणि या न्यायालयाकडे स्वतःचे पोलीसच नव्हते. हे हत्याकांड घडवणाऱ्या बोस्नियन सर्ब सैन्याचा सेनापती म्लादिच २०११ पर्यंत मोकळा होता. त्या वर्षाअखेर मात्र १६१ आरोपींपैकी एकही फरार उरला नाही.

धाक सगळ्यांना सारखा बसत नाही. ह्यरान जो आणि बेथ सिमन्स या अभ्यासकांना युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या, कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा परिणाम सरकारांवर आणि जगाची मान्यता हवी असलेल्या बंडखोरांवर दिसला. ज्यांना जगाच्या मान्यतेची पर्वाच नाही, त्यांना आवरायला अटक करणारी यंत्रणा लागते, आणि ती सदस्य देशांनीच पुरवायची असते. भारत अजून त्या न्यायालयाचा सदस्य नाही. तो व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे.