पायावरून कळणारे आजार

पायाची सूज, रंग, कातडी, नखं नाहीतर संवेदना बदलली तर दुखणं दरवेळी पायाचंच असतं असं नाही, बऱ्याचदा मूळ साखर, हृदय, किडनी किंवा रक्तवाहिन्यांमध्ये असतं. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायापर्यंतच जातात, उभं राहिलं की पाणीही खालीच उतरतं, म्हणून बिघाड आधी तिथं दिसतो.

मराठवाड्यात बायांना सूज आधी जोडव्यांवरून कळते, ती रुतायला लागतात. "पाय सुजायलेत" म्हणलं की नडगीच्या हाडावर अंगठ्यानं जरा वेळ दाबून बघायचं, खळगा तसाच राहिला तर पाणी साठलंय. दोन्ही पायांना असेल तर हृदय, किडनी, लिव्हर तपासतात, पण बीपीच्या अम्लोडिपिन गोळीनंही घोटे सुजतात, ते डॉक्टरला सांगावं, गोळी मनानं बंद करू नये. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते, ती फुफ्फुसात गेली की जिवावर बेततं, तिथं मालिश अजिबात नको. आणि पाय वर्षानुवर्षं जाडच होत चालला तर हत्तीरोग असू शकतो, तो डासांमुळे होतो आणि नांदेड-लातूरकडं आहे.

सगळ्यात फसवा म्हणजे न दुखणारा पाय. साखर कैक वर्षं जास्त राहिली की नसा खराब होतात, आधी मुंग्या, जळजळ, मग कापसावर चालल्यासारखं आणि शेवटी काहीच कळत नाही. चप्पल निघून मागं पडली तरी माणूस चार पावलं पुढं जातो, ही त्याची पक्की खूण. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरून आल्यावर फोड दिसतात पण भाजल्याचं कळलेलं नसतं, रानात बाभळीचा काटा मोडला तरी तेच, आणि घरचे म्हणतात दुखत नाही ना मग कामून दवाखान्यात जायचं! दवाखान्यात 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बधिरपणा तपासतात. बी-12 कमी असलं तरी पाय जळतात. कातडीवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी, त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

बिडी-तंबाखूवाल्यांचं वेगळंच. पाय गार, नडगीवरचे केस गेलेले, थोडं चाललं की पोटरीत गोळा आणि थांबलं की बरं, हे रक्त कमी पोचण्याचं लक्षण, लोक त्याला वात समजून तेल चोळत बसतात. एका रात्रीत अंगठ्याचा सांधा लाल होऊन चादरही टेकू देत नसेल तर बहुतेक युरिक अ‍ॅसिड.

टाचेच्या भेगांतून मात्र लगेच आजार काढू नये, काळ्या रानात अनवाणी राबणाऱ्याला त्या असतातच. अंग कोरडं, थकवा, वजन वाढतंय असं सोबत असेल तर थायरॉईड बघतात. साखरवाल्यांनी भेगा आणि कुरूप ब्लेडनं तासायचं नाही.