आनंद पटवर्धन : फिल्म बनवायला वर्षं, दाखवायलाही वर्षं

भीमजयंतीच्या आठवड्यात आमच्या विहारात 'जय भीम कॉम्रेड' दाखवायचं ठरलंय, आणि परवा मीटिंगला पोरांनी सरळ विचारलं की हा डायरेक्टर कोण, आडनाव पटवर्धन आणि फिल्म जय भीमवर, हे कसं काय जुळलं? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

आनंद पटवर्धन यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९५० चा, मुंबईचा. पण घराणं नगरचं, म्हणजे आपल्या बीडला लागूनच. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून लढलेले अच्युतराव पटवर्धन आणि त्यांचे भाऊ रावसाहेब हे यांचे सख्खे काका. आई निर्मला हैदराबादच्या, पण आपल्या निजामाच्या नाही, सिंधमधल्या हैदराबादच्या. त्या मातीची भांडी घडवणाऱ्या कलाकार होत्या. म्हणजे चळवळ आणि हातानं काम करणं, दोन्ही घरातच होतं.

एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकले, मग स्कॉलरशिपवर अमेरिकेत ब्रँडाइस युनिव्हर्सिटीला समाजशास्त्र. तो काळ व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चांचा, त्यात हे पण होते. तिकडंच सेझार चावेझ यांच्या शेतमजूर युनियनमध्ये काही दिवस काम केलं. परत आल्यावर मध्य प्रदेशात किशोर भारती नावाच्या ग्रामीण शिक्षणाच्या प्रकल्पात राहिले. फिल्मचा धंदा करायचा असं काही डोक्यात होतं असं वाटत नाही.

१९७४ ला बिहारमध्ये जयप्रकाशजींचं आंदोलन पेटलं तेव्हा हे पाटण्याला गेले आणि उसना सुपर एट, म्हणजे घरगुती वापराचा छोटा फिल्म कॅमेरा घेऊन शूटिंग केलं. मग ते चित्र पडद्यावर पाडून १६ एमएमच्या कॅमेऱ्यानं परत शूट केलं, कारण पैसेच नव्हते. ती 'क्रांती की तरंगें'. तेवढ्यात आणीबाणी लागली. फिल्म इथं दाखवणं म्हणजे जेल, म्हणून तिचे तुकडे करून वेगवेगळ्या मार्गानं परदेशात पोचवले आणि तिकडं जोडले. हे पण कॅनडात मॅकगिल युनिव्हर्सिटीला शिकायला गेले.

इथं एक गोष्ट समजून घ्या. तेव्हा आपल्याकडं डॉक्युमेंट्री म्हणलं की टॉकीजला मेन पिक्चरच्या आधी लागणारी फिल्म्स डिव्हिजनची सरकारी रीळ. फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं १९४८ ला, आपला मराठवाडा निजामातून सुटला त्याच वर्षी. म्हणजे तीन पिढ्यांनी डॉक्युमेंट्रीत धरणं, पूर आणि मंत्र्यांची उद्घाटनं बघितली. सरकारला प्रश्न विचारणारी, स्वतःच्या हिमतीवर केलेली फिल्म ही वेगळीच चीज होती, आणि ती दाखवायला ना टॉकीज होती ना टीव्ही.

१९८५ ला 'हमारा शहर' आली, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या आणि झोपड्या पाडल्या गेलेल्या माणसांची. तिला नॅशनल अवॉर्ड मिळालं तरी दूरदर्शनवर लागायला चार वर्षं कोर्टात भांडावं लागलं. पुढं हा नियमच होऊन बसला. 'राम के नाम' १९९२ ची, टीव्हीवर आली १९९७ ला, कोर्टानं सांगितल्यावर. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५ ची, तिचा निकाल सुप्रीम कोर्टातून लागला २००६ ला. अणुचाचण्यांवरच्या 'जंग और अमन'मध्ये सेन्सॉरनं कट सांगितले, ती २००३ ला हायकोर्टानं एकही कट न देता सोडली. मला तर वाटतं या माणसाचं अर्धं करिअर एडिटिंग टेबलावर गेलं आणि अर्धं वकिलाच्या ऑफिसात, आणि दोन्हीकडं त्यांनी कंटाळा केला नाही.

'हमारा शहर' आम्ही दोन वर्षांखाली एका तालुक्याच्या गावी चादर बांधून दाखवली होती. त्यात एक बाई कॅमेऱ्यालाच झापते, की तुम्ही गरिबांचे फोटो काढून नाव कमावता, आमच्यासाठी काय करता? आणि त्यांनी तो सीन कापला नाही, तसाच ठेवला. आमच्याकडं पुढंच बसलेली एक मावशी, बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला जाऊन बरीच वर्षं खडी फोडलेली, मोठ्यानं म्हणाली, "बरोबर बोलायली की ती." सगळे गप्प. तेवढ्यात लाईट गेली, पण कुणी उठलं नाही.

याच फिल्ममध्ये शाहीर विलास घोगरे गातात. आणि इथूनच 'जय भीम कॉम्रेड'ची गोष्ट सुरू होते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. चार दिवसांनी घोगरेंनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. आयुष्यभर लाल झेंड्याची गाणी गायलेला माणूस, जाताना डोक्याला निळं फडकं बांधलं होतं. ते फडकं का, या एका प्रश्नामागं पटवर्धन चौदा वर्षं फिरले. वस्त्या, जलसे, कोर्टाच्या तारखा, गाणी-नाटकं करणाऱ्या नव्या पोरापोरींचं कबीर कला मंच, सगळं शूट करत राहिले. २०११ ला फिल्म पूर्ण झाली आणि मुंबईत पहिल्यांदा दाखवली ती मल्टिप्लेक्सला नाही, भायखळ्याच्या बीआयटी चाळीत.

चौदा वर्षं ऐकून बाहेरच्यांना नवल वाटतं. आपल्याला कशाला वाटेल? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत इथं किती घरं जळाली, किती माणसं गेली आणि ते सगळं टिकलं कशात तर गाण्यात. दरवर्षी चौदा जानेवारीला विद्यापीठ गेटवर जे गातात त्यांच्याकडं तोच खजिना आहे. म्हणून ही फिल्म मला मुंबईची वाटतच नाही.

नंतर २०१८ ला 'विवेक' आली, दाभोलकर-पानसरेंच्या खुनांनंतरच्या काळावर, ती केरळच्या फेस्टिव्हलला दाखवायला सुद्धा हायकोर्टात जावं लागलं. पण ती पुढच्या वेळी.

'जय भीम कॉम्रेड' तीन तासांच्या आसपास आहे, म्हणून साडेसहालाच सुरू करू. इन्व्हर्टर सांगून ठेवलाय, मध्ये चहा आहे, आणि पुढच्या दोन सतरंज्या म्हाताऱ्या माणसांसाठी सोडा.