बुचांच्या सर्वेक्षणापासून शोधगंगेपर्यंत

बी.एड., एम.एड. करणाऱ्यांना आज संदर्भांचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो चाळणीचा. बडोद्यात हे काम एकेकाळी माणसे नेमून होत असे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर नेले. शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेले विसरते, म्हणून १९१० मध्ये विल्यम बोर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले गेले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या निघाल्या. पण बोर्डन यांचे मोठे काम वेगळेच: त्यांनी इथली माणसे ग्रंथपालनात तयार केली आणि बडोद्यासाठी वर्गीकरणाची पद्धत घालून दिली.

शिक्षणसंशोधनात तेच काम एम. बी. बुच यांनी केले. सयाजीराव विद्यापीठाच्या प्रगत शिक्षण अध्ययन केंद्राने (सगळे त्याला ‘केस’ म्हणतात) १९७४ मध्ये त्यांच्या संपादनाखाली भारतातल्या शिक्षणसंशोधनाचे पहिले सर्वेक्षण काढले. देशभरचे प्रबंध विषयवार लावून त्यांचे सारांश दिलेले. दुसरे सर्वेक्षण १९७९ मध्ये आले, पुढची एनसीईआरटीने काढली. जुन्या प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्यात, पानोपानी ‘बुच’ दिसतात ते यामुळे.

आता ही निवड वाचणाऱ्यावरच येऊन पडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या आयोगाच्या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर येऊ लागले. तिथे पूर्ण प्रबंध एका फायलीत क्वचितच मिळतो. प्रकरणे सुटी असतात. आधी संशोधनपद्धतीचे प्रकरण उघडावे. नमुना किती, कसा निवडला, चाचणीची विश्वसनीयता कशी काढली हे तिथे नसेल, तर निष्कर्ष वाचण्यात वेळ घालवू नये. प्रश्नावली बहुधा शेवटच्या परिशिष्टात सापडते. मराठी प्रबंध शोधताना मात्र हमखास घोटाळा होतो. जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो किंवा पाने नुसती स्कॅन केलेली असतात, त्यामुळे देवनागरी शब्द टाकला की शून्य निकाल येतात. शीर्षक रोमन लिपीत टाकून पाहावे, नाहीतर विद्यापीठ आणि विभाग निवडून यादीच चाळावी.

परदेशी संशोधनासाठी अमेरिकन सरकारचे ‘इरिक’ हे शिक्षणविषयक लेखांचे भांडार १९६०च्या दशकापासून चालू आहे आणि फुकट आहे. तिथे तज्ज्ञांनी तपासलेले लेख आणि पूर्ण मजकूर अशा दोन चौकटी असतात; दोन्हींवर खूण केली की ढीग आटोक्यात येतो. त्यांच्या विषयशब्दांच्या कोशातला ठरलेला शब्द वापरला तर आणखी नेमके हाती लागते.

नियतकालिकांची कहाणी कडू आहे. अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढली, मग ‘केअर’ ही नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. आयएसएसएन हा फक्त नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाची हमी नव्हे. चार दिवसांत लेख स्वीकारून लगेच पैसे मागणारे नियतकालिक टाळावे.

शालेय पाठांचे ‘दीक्षा’ हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून आहे. पुस्तकातला क्यूआर कोड जुन्या आवृत्तीचा असला, तर उघडणारा पाठ भलताच निघू शकतो. बडोद्यातल्या मराठी शिक्षकांनी बालभारतीचे साहित्य जरूर घ्यावे, पण गुजरात मंडळाच्या अभ्यासक्रमाशी इयत्ता आणि घटक ताडूनच.

शेवटी, चाळणी न लावल्याचे एक उदाहरण. ‘वाचलेले दहा टक्के, ऐकलेले वीस टक्के लक्षात राहते’ हा त्रिकोण पाठनियोजनाच्या असंख्य वह्यांत एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने उतरवलेला आहे. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला हे खरे, पण त्यात ही टक्केवारी नव्हतीच, ती मागाहून कोणीतरी चिकटवली. मूळ पुस्तक काढून ती आकृती पाहिली की पाच मिनिटांत खात्री पटते.