शुक्रवारी मटण नाही, म्हणजे उपवास नव्हे

फेब्रुवारी-मार्च आला की बातमी ठरलेली: 'ख्रिस्ती बांधवांचे चाळीस दिवसांचे उपवास सुरू'. मग ऑफिसात कुणीतरी प्रेमाने साबुदाणा वडा पुढे करतं, "हे चालतं ना तुम्हाला?" दुसरं कुणी डब्यातली पोळी बघून चुकचुकतं, "अरे, उपवास ना तुझा?" या दोघांवर माझा राग नाही. राग आहे तो आम्हा कॅथलिकांपैकीच काहींवर. राखेच्या बुधवारी, म्हणजे या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, तीन वेळा पोटभर जेवायचं आणि वर 'आज व्हेज आहे, उपवास आहे ना' म्हणून सांगायचं! ज्यांना माहीत असायला हवं त्यांनीच घोळ घातला, तर बाकीच्यांनी कुणाचं ऐकायचं?

कॅथलिक चर्चचे नियम दोन आहेत. एक उपवासाचा, दुसरा मांस वर्ज्य करण्याचा. पहिला तराजूचा नियम, दुसरा चाळणीचा. उपवासात किती खाल्लं ते बघायचं, वर्ज्यात काय खाल्लं ते. वर्षात दोनच दिवस असे आहेत की दोन्ही नियम एकदम लागू होतात: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. या दोन दिवसांमुळेच लोकांच्या डोक्यात दोन्हींची खिचडी झाली आहे.

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार तुम्हाला मी समजावून सांगायला नको. निर्जळी करणारे सोडले तर बहुतेक घरांत त्या दिवशी ताटातले पदार्थ बदलतात. भात-पोळी जाते, साबुदाणा, वरी, रताळी येतात, आणि ते पोटभर खायला कुणाची ना नसते. 'एकादशी, दुप्पट खाशी' असं आपणच हसत म्हणतो. कॅथलिक उपवासाचं गणित याच्या बरोबर उलटं आहे. पोळी चालते, भात चालतो, कांदा-लसूण चालतो, मीठ कुठलं ही चौकशी नाही. चालत नाही ते फक्त 'दुप्पट'. पूर्ण जेवण दिवसात एकदाच. सकाळी आणि संध्याकाळी थोडंसं काही तोंडात टाकायला मुभा आहे, आणि रूढ हिशेब असा की ते दोन्ही मिळूनसुद्धा एका पूर्ण जेवणाएवढं होता कामा नये. पाण्याला बंदी नाही, त्यामुळे 'म्हणजे रोजासारखं का?' याचं उत्तरही नाही असंच आहे. साबुदाण्याची खिचडी दोन ताटल्या खाल्लीत तर ते तुमचं त्या दिवसाचं जेवण झालं. रात्री पुन्हा तेवढंच खाल्लं की उपवास मोडला. ती उपवासाची होती, हा बचाव इथे चालत नाही.

आता चाळणीकडे. वर्ज्य आहे ते मांस: कोंबडी, बकरा, डुक्कर, गुरं, बदक. पोप पॉल सहावे यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये हे नियम सुटसुटीत केले तेव्हा स्पष्टच सांगितलं की अंडी, दूधदुभतं आणि प्राण्यांच्या चरबीची फोडणी यांना बंदी नाही. आपल्याकडच्या शाकाहारी मनाला हे झेपत नाही. "अंडं चालतं आणि चिकन नाही? मासे चालतात?" हो, चालतात. कारण हा शाकाहाराचा नियम मुळातच नाही. जीवहिंसा टाळणं हा त्याचा हेतू नाही, शुद्ध-अशुद्ध हाही नाही. मांस हे सणाचं, मेजवानीचं खाणं. ज्या वारी ख्रिस्ताला क्रूसावर दिलं त्या वारी मेजवानी नको, एवढाच मुद्दा. तेराव्या शतकात धर्मपंडित सेंट थॉमस अक्वायनस यांनी कारण दिलं ते असं, की जमिनीवरच्या प्राण्यांच्या मांसाने माणसाच्या जिभेचे आणि शरीराचे लाड जास्त होतात. त्या काळी अंडी आणि दूधलोणीही याच चाळणीत अडकत. फ्रान्समध्ये रूआँच्या कॅथीड्रलचा एक मनोरा आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. उपवासकाळात लोणी खायची सवलत मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशांतून तो उभा राहिला, असं सांगतात.

मासे चालतात म्हणून शुक्रवारी पापलेट फ्राय, कोळंबीचं कालवण आणि वर सोलकढी, यावर माझं मत विचाराल तर ते गोड नाही. नियम मोडत नाही, कबूल. पण वसईपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला मासळी ही रोजची, मटण-पोर्क रविवारचं. त्याने शुक्रवारी मटण सोडलं तर त्याचं गेलं काय? मला विचाराल तर उपवासकाळातल्या शुक्रवारी डाळ-भात आणि वालाची भाजी. फारच झालं तर सुका बोंबील.

तराजू आणि चाळणी वेगळी ठेवलीत की बाकीचं आपोआप सुटतं. उपवासकाळातल्या साध्या शुक्रवारी नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण असं सगळं पोटभर झालं आणि त्यात मांस नव्हतं, तर नियम पाळला गेला. त्या दिवशी उपवास नव्हताच. राखेच्या बुधवारी तिन्ही वेळा भरपेट भाजी-पोळी झाली, तर मांसाचा नियम पाळला, उपवास मोडला. आणि दिवसभर कडकडीत उपाशी राहून रात्री एकदाच चिकन बिर्याणी खाल्लीत, तर उपवास पाळलात आणि दुसरा नियम मोडलात. हा तिसरा प्रकार करणारा माणूस विरळा. दुसरा मात्र घरोघरी सापडतो.

वयाचे हिशेबही म्हणूनच वेगवेगळे आहेत. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, मांसाचा नियम चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून लागतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला गुड फ्रायडेला तीनदा जेवायला हरकत नाही, मांस मात्र नाही, आणि सत्तरीच्या आजीलाही अगदी तेच लागू. 'आजी थकली, तिला सगळं माफ' म्हणून तिच्यापुढे चिकन सूप ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. आजारी माणसाची गोष्ट वेगळी, त्याला सूट आहेच. प्रत्यक्षात आजी दोन्ही पाळते आणि नातवालाच चार शब्द ऐकवते, तो भाग निराळा.

चाळीस दिवसांचं काय? राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या शनिवारपर्यंत मोजा, ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस. रविवार हा उपवासाचा वारच नव्हे. उरलेल्या चाळीस दिवसांतही सक्तीचे उपवास तेच दोन, आणि मांस वर्ज्य त्या दोन दिवशी आणि दर शुक्रवारी. वर्षाचे इतर शुक्रवारही प्रायश्चित्ताचेच, फक्त तिथे त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला पर्याय ठरवून देता येतो. इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी सप्टेंबर २०११ पासून शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा जुना नियम पुन्हा लागू केला. शुक्रवारी मोठा सण आला तर मांसाचीही मोकळीक. २५ मार्च २०२२ ला तसंच झालं होतं. चाळीसही दिवस मांस-दारू सोडणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी जरूर सोडावं, पण तो स्वखुशीचा त्याग आहे.

हे सगळं रोमन कॅथलिकांचं. शेजारचं मल्याळी सिरियन ख्रिस्ती कुटुंब पन्नास दिवसांचा नोंबू (त्यांचा उपवासकाळ) पाळतं तेव्हा मांस, मासे, अंडी आणि कडक पाळणाऱ्या घरात दूधही जातं. तिथली चाळणी फार बारीक. मराठी प्रोटेस्टंट मंडळींची उपास-प्रार्थना याच्या दुसऱ्या टोकाला. दिवसभर अन्न नाही, प्रार्थना, बायबलवाचन, आणि संध्याकाळी उपास सोडताना ताटात काय आहे हे कुणी बघत नाही. त्यांच्याकडे चाळणीच नाही, आणि त्याला इतिहास आहे. १५२२ साली झुरिकमध्ये एका छपाईवाल्याच्या घरी उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले आणि तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली याने त्या खाणाऱ्यांची बाजू जाहीरपणे घेतली. त्याचा आक्षेप उपाशी राहण्यावर नव्हता. बायबलमध्ये नसलेली खाण्याची बंदी चर्चने सगळ्यांवर लादू नये, असं त्याचं म्हणणं होतं. उपासाला प्रोटेस्टंटांनी कधी रजा दिली नाही. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली तर तरुणपणी दर बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत काही खात नसत.

अलीकडे 'डॅनियल फास्ट' नावाचं एक खूळ आलं आहे. एकवीस दिवस फक्त भाज्या, फळं, डाळी, आणि सोबत वजन किती उतरलं त्याचे फोटो. बायबलमधल्या दानीएलने तीन आठवडे मांस, द्राक्षारस आणि रुचकर अन्न सोडलं ते शोक करताना. त्याने जेवणं मोजली असं तिथे कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे तेही वर्ज्यच, उपवास नव्हे. आणि व्हॉट्सअॅपचा उपवास, चॉकलेटचा उपवास म्हणणाऱ्यांनी खुशाल ते सोडावं, फक्त राखेच्या बुधवारी त्याच्या बदल्यात तीन जेवणं करू नयेत.

एक बारीकसारीक राहिलं. कम्युनियन, म्हणजे मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) मिळणारा पवित्र प्रसाद, घेण्याआधी तासभर काही खायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. तो उपवास निराळा आणि वर्षभराचा. १९५७ पर्यंत तो मध्यरात्रीपासून धरावा लागे, मग तीन तास झाला, १९६४ मध्ये एक तास. त्याचा मटणाशी संबंध नाही. रविवारी सकाळच्या मिस्साहून परतल्यावर दुपारी मटण खुशाल शिजवा.